मोफत दूरदर्शन : अँटेना की डिश?

घरी दूरचित्रवाणी संच आला की लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो. दरमहा पैसे न भरता कार्यक्रम पाहायचे कसे? मार्ग दोन आहेत. जमिनीवरील मनोऱ्याचे प्रक्षेपण अँटेनाने घेणे, किंवा उपग्रहाचे प्रक्षेपण डिशने घेणे. दोन्हींत साहित्याचा खर्च एकदाच होतो. पण तो वाया जाऊ नये म्हणून त्यांमागचे शास्त्र समजून घेतलेले बरे.

प्रथम अँटेना. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईत दूरदर्शन सुरू झाले आणि गच्च्यांवर ॲल्युमिनियमच्या आडव्या नळ्या दिसू लागल्या. या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. मनोरा शंभर मीटर उंच असेल, तर सपाट प्रदेशात कौलांवरच्या अँटेनापर्यंत त्यांची पोच साधारण पन्नास किलोमीटर. मध्ये डोंगर आला की पलीकडे सावली पडते. मात्र पावसाचा या लहरींना फारसा अडथळा होत नाही, हा अँटेनाचा मोठा गुण होय.

आता डिश. दूरदर्शनची मोफत उपग्रह सेवा डिसेंबर २००४ मध्ये ३३ वाहिन्यांनिशी सुरू झाली. तीच आजची 'डीडी फ्री डिश'. तिचा उपग्रह जीसॅट-१५ हा विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटरवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. तो पृथ्वीबरोबरच फिरत असल्याने आकाशात एकाच जागी राहतो. बेळगावहून पाहता ही जागा आग्नेयेस, क्षितिजापासून सुमारे ६० अंश वर येते. त्या दिशेस नारळ किंवा शेजारची इमारत आड येत नाही ना, एवढे आधी पाहावे. डोंगराची अडचण येथे सहसा येत नाही.

डिशचा शत्रू म्हणजे पाऊस. या लहरींची लांबी जेमतेम अडीच सेंटीमीटर असल्याने मुसळधार पावसाचे थेंब त्यांना क्षीण करतात, आणि ऐन आषाढात चित्र गोठते. पाऊस ओसरला की ते पूर्ववत होते. आपल्याकडील पाऊस लक्षात घेता ६० सेंटीमीटरपेक्षा थोडी मोठी डिश घेणे शहाणपणाचे. सोबतचा बॉक्स एमपीईजी-४ प्रकारचा असावा. जुन्या बॉक्सवर सर्व वाहिन्या दिसत नाहीत.

मग निवड कशी करावी? प्रसारभारतीने २०२२ पर्यंत देशातील बहुतेक जुने ॲनालॉग प्रक्षेपक बंद केले. तेव्हा मनोरा उभा दिसतो म्हणून प्रक्षेपण चालू आहे, असे समजू नये. नवा अँटेना घेण्यापूर्वी प्रक्षेपणाची खात्री करावी. ती नसेल तर डिशच घ्यावी.

सीमाभागातील घरांना डिशचा आणखी एक लाभ आहे. मनोऱ्याच्या काळात जवळचा प्रक्षेपक जी भाषा देईल, तीच घरात येई. उपग्रहाला राज्यांच्या सीमा नाहीत. एकाच डिशवर मराठी 'सह्याद्री' आणि कन्नड 'चंदना' या दोन्ही वाहिन्या मिळतात. ज्या घरात आजी मराठीत बोलते आणि नातवंडे कन्नड शाळेत शिकतात, तेथे ही सोय लहान नव्हे. कोणती भाषा ऐकायची, हे आता मनोरा नव्हे, घरची माणसे ठरवतात.