डिजिटल एफएम व्यत्ययाची तक्रार (अमेरिका)

एचडी रेडिओ तंत्रात अ‍ॅनालॉग आणि डिजिटल संकेत एकाच केंद्रावरून प्रक्षेपित होतात. अमेरिकेत हे तंत्र २००२ पासून मान्य आहे. डिजिटल संकेत मूळ प्रक्षेपणाच्या दोन्ही कडांना पसरत असल्याने लगतच्या वारंवारतेवरील दूरच्या केंद्राच्या कार्यक्रमात खरखर येऊ शकते.

नियम

आरंभी डिजिटल शक्तीची मर्यादा अ‍ॅनालॉग शक्तीच्या १ टक्का होती. फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन या नियामक आयोगाने २०१० मध्ये बहुतेक केंद्रांना सुमारे ४ टक्क्यांपर्यंत, तर काहींना १० टक्क्यांपर्यंत वाढीची मुभा दिली. त्याच आदेशात तक्रारीची पद्धतही ठरविण्यात आली.

तक्रारीची पद्धत

प्रथम दोन्ही केंद्रांनी आपसांत तोडगा काढणे अपेक्षित असते. तो न निघाल्यास बाधित केंद्र आयोगाकडे जाते. तक्रारीसोबत सततच्या व्यत्ययाच्या किमान सहा नोंदी, प्रत्येक ठिकाणाचा नकाशा आणि व्यत्ययाचे सविस्तर वर्णन जोडावे लागते.

मर्यादा

केंद्राच्या संरक्षित प्रक्षेपणक्षेत्राबाहेरील नोंदी विचारात घेतल्या जात नाहीत. त्यामुळे सीमेपलीकडील श्रोत्याला तेच केंद्र पूर्वी स्पष्ट ऐकू येत असले, तरी या पद्धतीत त्याला दाद मिळत नाही.