डेटा सेंटर ऐरोलीत, बिल राणीसावरगावात

आमच्या गल्लीत विजेची बिले आली की दोन-चार जण हमखास माझ्या ओट्यावर येऊन बसतात. मी कविता लिहिणारा, बी.ए.पर्यंत शिकलेला माणूस. विजेचा अभ्यासक नव्हे. पण छापील कागद वाचून दाखवणे हे खेड्यातल्या लिहित्या माणसाचे जुनेच काम आहे. परवा शेजारच्या शेतकऱ्याने बिल पुढे केले आणि विचारले, "चाचा, मोबाइलवर बघितलं, मुंबईकडं ते डेटा सेंटर म्हणं लई वीज खातंय. आपलं बिल त्यानंच वाढलं का?"

श्रोतेहो, प्रश्न साधा होता. मला उत्तर मात्र देता येईना. मग थोडे वाचले, थोडे विचारले. त्यातून जे कळले ते सांगतो.

आपण मोबाइलवर पाहतो तो व्हिडिओ, पाठवतो ते पैसे, काढतो तो सातबारा, हे सारे कुठल्या तरी संगणकात साठवलेले असते. असे हजारो संगणक एका छपराखाली ठेवले की झाले डेटा सेंटर. हे संगणक क्षणभरही बंद राहून चालत नाहीत आणि चालू राहिले की तापतात. म्हणून चालवायलाही वीज आणि थंड ठेवायलाही वीज. समुद्राखालच्या केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागतात, त्यामुळे ऐरोली, रबाळे, महापे, पनवेल या पट्ट्यात अशा इमारती उभ्या राहिल्या. देशातल्या डेटा सेंटरच्या क्षमतेपैकी सुमारे निम्मी मुंबईच्या परिसरात आहे.

आता हिशेब करू. पन्नास मेगावॅटचे एक केंद्र अहोरात्र चालले तर महिन्याला ३ कोटी ६० लाख युनिट लागतात. आपल्याकडचे घर महिन्याला शंभर युनिट वापरते असे धरले, तर ही साडेतीन लाखांहून अधिक घरांची वीज झाली. आमच्या शेजारच्या परळीच्या केंद्रातले अडीचशे मेगावॅटचे तीन संच पूर्ण क्षमतेने चालले तर अशी पंधरा डेटा सेंटर चालतील. आणि परळीचे काय झाले ते आपण पाहिले आहे. गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यात पाणी उरले नाही म्हणून २०१३ साली आणि पुन्हा २०१५ साली ते केंद्र बंद ठेवावे लागले होते. वीज म्हटली की आम्हाला आधी पाणीच आठवते. नाही तर भारनियमन आठवते. रमजानमध्ये सहरीची भाकरी कंदिलाच्या उजेडात भाजणारी माझी आई आठवते.

पण जास्त वीज वापरली म्हणून दुसऱ्याचे बिल वाढते, असे सरळ गणित नाही. विजेचा दर ठरतो कसा ते आधी पाहावे लागेल. १९९९ साली महाराष्ट्र वीज नियामक आयोग स्थापन झाला. २००३ च्या वीज कायद्याने त्याचे अधिकार पक्के केले आणि २००५ साली वीज मंडळाची विभागणी होऊन महावितरण, महापारेषण, महानिर्मिती या कंपन्या झाल्या. वीज विकत घेणे, तारा टाकणे, माणसांचे पगार, व्याज हा सगळा खर्च महावितरण आयोगापुढे मांडते. त्यातला कोणता मान्य करायचा आणि कोणाकडून किती वसूल करायचा, हे आयोग ठरवतो.

उरुसाची वर्गणी कशी गोळा होते? पेठेतला मोठा दुकानदार जास्त देतो, मजूर दहा रुपये देतो, जेवण एकाच पातेल्यातले. विजेचेही तसेच आहे. कारखाने आणि दुकाने खर्चापेक्षा जास्त दर देतात म्हणून शेतीपंपाला आणि लहान घराला कमी दर लावता येतो. शिवाय साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचे बिल २०२४ पासून सरकार भरते, ते वेगळे.

मग डेटा सेंटर आले तर चांगलेच की! रात्रंदिवस एकसारखा वापर, आकडा टाकणे नाही, थकबाकी नाही. असा ग्राहक महावितरणकडे राहिला तर तारांचा, खांबांचा खर्च जास्त युनिटांवर वाटला जातो आणि आपला भार हलका होऊ शकतो. हे मान्य केले पाहिजे.

अडचण पुढे आहे. मोठ्या ग्राहकाला महावितरण सोडून बाहेरून वीज आणायची मुभा कायद्याने दिली आहे; तिला खुला प्रवेश म्हणतात. मोठा दुकानदार म्हणाला, मी माझा डबा घरून आणतो, तर वर्गणीत खड्डा पडणारच. म्हणून जाणाऱ्याकडून अधिभार घ्यायची तरतूद आहे. तो किती घ्यायचा, कोणाला माफ करायचा, यावर आयोगापुढे वर्षानुवर्षे भांडण चालते. शिवाय राज्याच्या २०२३ च्या माहिती तंत्रज्ञान धोरणाने डेटा सेंटरना वीज शुल्कातून सूट दिली. आपल्या घरगुती बिलावर हे शुल्क १६ टक्के असते आणि ते सरकारी तिजोरीत जाते. पंपाचे बिल भरायचे तेही त्याच तिजोरीतून.

दुसरी अडचण तारांची. केंद्राच्या फाटकापर्यंतची खास लाइन त्याच्या खर्चाने होते. पण मागची मोठी उपकेंद्रे आणि टॉवर सगळ्यांच्या हिशेबात येतात. लग्नाला हजार माणसे येणार म्हणून आचारी, पातेली, मंडप ठरवला आणि आली दोनशे, तर पैसे कोणी द्यायचे? अमेरिकेतल्या ओहायो राज्यात हाच प्रश्न उभा राहिला. तिथल्या आयोगाने २०२५ साली एका मोठ्या वीज कंपनीसाठी नियम मंजूर केला: नव्या मोठ्या डेटा सेंटरने जितकी वीज मागितली असेल, तिच्या किमान ८५ टक्क्यांचे पैसे बारा वर्षांपर्यंत द्यायचे, वापरो वा न वापरो. आयर्लंडने उशिरा पाहिले. २०२३ साली तिथली २१ टक्के वीज डेटा सेंटरकडे गेली, शहरांतल्या सगळ्या घरांपेक्षा जास्त.

म्हणजे शेजाऱ्याला मी काय सांगितले? "तुझं बिल त्यानं वाढलं असं मला म्हणता येत नाही. पण वाढणार की कमी होणार, हे ज्या खोलीत ठरतं तिथं आपलं कुणी नसतं."

ती खोली बंद नाही, हे मात्र ध्यानात घ्या. दरवाढीचा प्रस्ताव वर्तमानपत्रात जाहीर करावा लागतो, हरकती मागवाव्या लागतात. साध्या कागदावर लिहिलेली हरकतही चालते. २०२५ साली मार्चमध्ये आयोगाने दर कमी करणारा आदेश काढला, मग त्याला स्थगिती दिली, जूनमध्ये फेरविचाराचा आदेश आला. त्यावर काही वीजग्राहक उच्च न्यायालयात गेले. आमच्या ओट्यावर यातले काहीच पोहोचले नव्हते. जाहिरात आली असेल, पण तिचे अक्षर एवढे बारीक, की तो कागद थेट दुकानात पुड्या बांधायला गेला असावा.

पुढची जाहिरात येईल तेव्हा हरकत पाठवायची असे आम्ही चौघांनी ठरवले आहे. मसुदा माझ्याकडे सोपवला. अक्षर चांगले म्हणून, कविता करतो म्हणून नव्हे. पहिला प्रश्न लिहून झाला आहे: ऐरोली-पनवेल भागात नव्या उपकेंद्रांवर किती खर्च धरला आहे, आणि ज्यांच्यासाठी ती बांधली त्यांनी वीज घेतलीच नाही, तर तो कोणाच्या बिलात लावणार?