शिंका रामेश्वरी, सफाई सोमेश्वरी!

नवं घर, पहिला हिवाळा आणि रोज सकाळी अकरा शिंका. गुन्हेगार भिंतीतले डक्ट, असं आम्ही ठरवूनही टाकलं होतं. सही करायचीच काय ती बाकी होती...

पहाटे सहाच्या सुमाराला तळघरातला फर्नेस ‘धप्प’ असा आवाज करून सुरू व्हायचा. पलंगाच्या डोक्याशी जमिनीत बसवलेल्या जाळीतून गरम हवेचा झोत यायचा आणि मागोमाग माझी पहिली शिंक. मग दुसरी, तिसरी... अकरापर्यंत. मोजायचं काम निखिलचं. ऑक्टोबरमध्ये तो गमतीनं मोजायचा. डिसेंबरमध्ये त्यानं मोजणं सोडून दिलं आणि नुसतं पांघरूण डोक्यावर ओढून घ्यायला लागला.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. २०२३ च्या शरद ऋतूत आम्ही इथे आमचं पहिलं घर घेतलं. १९६८ साली बांधलेलं, छोटंसं, मागे एक ओकचं झाड. एक्केचाळीस घरं बघून निखिलनं हे निवडलं होतं. दोघांची बचत, पुण्यातल्या एफडी, सगळं त्यात गेलं. त्यामुळे झालं काय, की माझी प्रत्येक शिंक त्याला तक्रारीसारखी ऐकू यायची. मी शिंकले की तो म्हणायचा, ‘‘सॉरी.’’ आता याला काय म्हणायचं?

डक्टवर संशय येण्याला कारण होतं. आधी आम्ही जर्सी सिटीत भाड्याच्या फ्लॅटमध्ये होतो. तिथे खोलीत वाफेचे रेडिएटर होते, डक्ट नव्हते आणि शिंकाही नव्हत्या. इथल्या बहुतेक स्वतंत्र घरांत मात्र वेगळा कारभार असतो. तळघरातला एकच फर्नेस हवा तापवतो, पंखा ती पत्र्याच्या बोगद्यांतून खोल्याखोल्यांत ढकलतो आणि दुसऱ्या बोगद्यांतून खोल्यांमधली हवा परत ओढून घेतो. उन्हाळ्यात त्याच डक्टमधून एसीची गार हवा येते. म्हणजे गेल्या पंचावन्न वर्षांत या घरात जो जो राहिला, त्याची धूळ त्या बोगद्यात साठलेली आणि रोज सकाळी माझ्या नाकावर फुंकली जातेय! विचारानंच शिंक आली.

जानेवारीत मामला शिंकांच्या पलीकडे गेला. रात्री अडीचला जाग आली, ती छाती आवळल्यासारखी झाली म्हणून. श्वास सोडताना शिट्टी वाजत होती. कोट चढवून, बर्फातून गाडी काढून आम्ही दवाखाना गाठला. येताना माझ्या हातात इनहेलर होता. वयाच्या सव्विसाव्या वर्षी! परतीच्या वाटेवर निखिल एक शब्द बोलला नाही. घरात शिरताना एवढंच म्हणाला, ‘‘उद्या डक्ट साफ करून घेऊ.’’

९९ डॉलरचं आमिष

पत्रपेटीत जाहिरात पडलेलीच होती. ‘पूर्ण घराचे डक्ट फक्त ९९ डॉलर! अॅलर्जीपासून मुक्ती!’ आपण पडलो मराठी माणसं. घरात काही बिघडलं की आपला पहिला उपाय साफसफाई. दिवाळीआधी माळ्यावरचे डबेसुद्धा खाली उतरवून घासणाऱ्या आईची मी मुलगी. मला तर हा फंडा लगेच पटला.

माणूस आला. हसतमुख होता. वीस मिनिटं तळघरात खुडबुड करून वर आला आणि मोबाइलवर एक फोटो दाखवला. काळंकुट्ट काहीतरी. ‘‘मोल्ड,’’ तो म्हणाला. म्हणजे बुरशी. ९९ डॉलरमध्ये ही निघणार नाही. औषध फवारावं लागेल. १,४०० डॉलर. आज सही केली तर १,१००.

मी म्हटलं, ‘‘चला, मला दाखवा.’’

‘‘फार आत आहे, दिसणार नाही.’’

‘‘मग फोटो कसा निघाला?’’

निखिलच्या हातात तोवर पेन आलं होतं. मी ‘उद्या कळवतो’ असं सांगून त्या माणसाला वाटेला लावलं आणि मग आमचं जे भांडण झालं, ते बहुधा त्या डक्टमधून सगळ्या खोल्यांत पोचलं असणार. ‘‘तुला बरं व्हायचंय की नाही? मास कॉम केलेल्या बायकोला प्रत्येक गोष्टीला दोन सोर्स लागतात!’’ हे त्याचं म्हणणं. लागतात बाबा. ११०० डॉलरला तर नक्कीच लागतात.

स्क्रू ड्रायव्हर आणि टॉर्च

पहिला सोर्स सरकारी निघाला. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं, म्हणजे ईपीएनं, १९९७ साली याच प्रश्नावर लोकांसाठी एक मार्गदर्शिका काढली: घरातले डक्ट साफ करून घ्यावेत का? तिचा सूर चकित करणारा आहे. डक्ट साफ केल्यानं आजार टळतात असं सिद्ध झालेलं नाही. डक्ट मळके असले म्हणून घरातल्या हवेत धूळ वाढते, हेही अभ्यासांतून ठामपणे दिसलेलं नाही. डक्टमधली बरीचशी धूळ पत्र्याला चिकटून बसते, ती खोलीत येतेच असं नाही. उलट बाहेरून येणारे कण, स्वयंपाक, साफसफाई, सिगारेट किंवा नुसती घरातली ये-जा यांनी हवेत जास्त धूळ उडू शकते. कॅनडाच्या सरकारी गृहनिर्माण संस्थेनं घरांमध्ये प्रत्यक्ष मोजमाप केलं, तेव्हाही सफाईच्या आधी आणि नंतर हवेतल्या कणांत फारसा फरक सापडला नाही.

मग सफाई करायचीच नाही का? करायची, पण तीन कारणांसाठी: डक्टमध्ये किंवा यंत्रणेच्या इतर भागांत भरपूर बुरशी डोळ्यांना दिसत असेल, उंदीर-किड्यांनी घर केलं असेल, किंवा डक्ट कचऱ्यानं तुंबून जाळीतून धूळ खरोखर बाहेर पडत असेल. आणि कुणी ‘बुरशी आहे’ म्हणालं, तर ‘दाखवा’ म्हणायचं. दिसायला बुरशीसारखं ते सगळं बुरशी नसतं. साध्या पारदर्शक चिकटपट्टीवर नमुना घेऊन प्रयोगशाळेकडे पाठवला की खरं-खोटं कळतं. मार्गदर्शिकेच्या हिशेबानं खर्च साधारण ५० डॉलर.

रविवारी आम्ही दोघांनी स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि एकेक जाळी उघडली. आत टॉर्च मारला, मोबाइल घालून फोटो काढले. सापडलं काय? पत्र्यावर करड्या धुळीचा पातळ थर, एक पेन्सिल, खेळण्यातली एक चाकं नसलेली गाडी, दहा सेंटचं नाणं आणि मांजराचे केस. काळं काही नाही. ओल नाही. जाळीवर पांढरा रुमाल धरून फर्नेस सुरू केला, रुमाल पांढराच राहिला.

‘‘मांजर?’’ निखिल म्हणाला. आधीच्या मालकांकडे दोन होती.

हातावर पडलेला निकाल

दुसरा सोर्स म्हणजे अॅलर्जीच्या डॉक्टरीणबाई. खरं तर पहिल्यांदा त्यांच्याकडेच जायला हवं होतं! त्यांनी आधी अॅलर्जीच्या गोळ्या काही दिवस बंद करायला लावल्या, कारण गोळ्या पोटात असल्या की चाचणी फसते. मग माझ्या हातावर थेंबांची रांग मांडली आणि प्रत्येक थेंबातून हलकंसं टोचलं. पंधरा-वीस मिनिटं हात न खाजवता बसायचं. (हे सांगायला सोपं आहे.) जिथे गांधी उठते, ती तुमची अॅलर्जी.

बुरशी: काही नाही. झुरळ: काही नाही. ओकचे परागकण: छोटी गांधी. मांजर: मध्यम. आणि डस्ट माइट: मच्छराने नव्हे, गांधीलमाशीने चावावं एवढी!

डस्ट माइट म्हणजे कोळ्याच्या कुळातला, आठ पायांचा, मिलिमीटरच्या एक तृतीयांशाहून मोठा नसलेला जीव. आपल्या अंगावरून झडणारी कातडी हे त्याचं जेवण. पाणी तो पीत नाही, हवेतला ओलावा शोषतो. अॅलर्जी होते ती मुख्यतः त्याच्या विष्ठेची. हिवाळ्यात फर्नेसच्या कोरड्या हवेनं तापलेला पत्रा हे त्याचं घर नव्हे. त्याचं घर म्हणजे गादी, उशी, कार्पेट, पांघरूण.

‘‘बेडरूममध्ये काय काय आहे?’’ बाईंनी विचारलं. मी सांगत गेले आणि सांगता सांगता माझा आवाज बारीक होत गेला.

भिंतीपासून भिंतीपर्यंत जुनं कार्पेट, ज्यावर दोन मांजरांनी आयुष्य काढलं. मांजर घरातून गेलं तरी त्याची अॅलर्जी करणारी प्रथिनं कित्येक महिने मागे रेंगाळतात. शिवाय हवा कोरडी पडून माझे ओठ फुटायचे, म्हणून निखिलनं प्रेमानं आणलेला ह्युमिडिफायर, रात्रभर साठ टक्क्यांवर चालणारा. माइटला आवर घालायचा तर घरातली आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या खाली हवी. म्हणजे आम्ही त्यांच्यासाठी पाणपोई उघडली होती!

आणि गोधडी. आजीच्या जुन्या लुगड्यांची, आईनं लग्नात दिलेली. जर्सी सिटीतल्या गरम खोलीत ती कपाटात होती. या घरातल्या थंडीत पहिल्यांदा बाहेर निघाली आणि रोज रात्री हनुवटीपर्यंत माझ्या अंगावर होती. इथल्या मशीनमध्ये फाटेल या भीतीनं मी ती एकदाही धुतली नव्हती. आईची आठवण आली की मी तिच्यात नाक खुपसून झोपत असे. अक्षरशः नाक खुपसून.

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात, ते हेच. शिंका पलंगावर होत्या आणि आम्ही बंब घेऊन तळघरात निघालो होतो.

मग केलं काय?

बेडरूममधलं कार्पेट उपटलं. दोन शनिवार गेले, मास्क लावून शेकडो पिना उपसल्या. खाली चक्क ओकचं लाकूड निघालं! निखिलला त्याचं घर परत मिळालं, असा त्याचा चेहरा झाला होता.

गादी-उशांना माइट आरपार जाऊ न देणारी, चेनची कव्हर घातली. मात्र नुसत्या कव्हरनं भागत नाही. ‘द न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २००३ साली आलेल्या दोन अभ्यासांत, फक्त कव्हर घालून रुग्णांना खास फायदा झालेला दिसला नाही. सगळे उपाय एकत्र करावे लागतात. म्हणून चादरी-अभ्रे आता दर आठवड्याला १३० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे ५४ सेल्सिअसच्या पाण्यात धुतले जातात. ह्युमिडिफायर माळ्यावर गेला, वीस डॉलरचा आर्द्रतामापक आला. फर्नेसला मेकॅनिकला विचारून जास्त बारीक जाळीचा फिल्टर बसवला. विचारून अशासाठी, की यंत्राला झेपणार नाही इतका दाट फिल्टर लावला तर हवेचा प्रवाहच कमी होतो. आणि डॉक्टरांनी नाकात मारायचा स्प्रे दिला, तो मी नेमानं घेतला.

फरक पडला? महिनाभरानं अकराच्या तीन झाल्या. श्रेय लाकडाचं, कव्हरचं की स्प्रेचं, हे मला वेगळं काढून सांगता येणार नाही. मे महिन्यात मागचं ओकचं झाड फुललं की मी अजूनही नाक पुसत हिंडते. पण रात्री अडीचची ती शिट्टी पुन्हा वाजलेली नाही. इनहेलर ड्रॉवरमध्ये आहे. तो तिथेच असू दे, असं डॉक्टरांनी बजावलंय.

डक्ट? तसेच आहेत. खेळण्यातली गाडी तेवढी काढून घेतली.

तुम्हाला डक्ट साफ करायचेच असतील तर...

* आधी अॅलर्जीची तपासणी, मग सफाईचा विचार.
* यंत्रणा पूर्ण साफ व्हायला हवी. नुसते डक्ट झाडले आणि पंखा, कॉइल तशीच ठेवली, तर घाण पुन्हा पसरते. निष्काळजी काम झालं तर आधीपेक्षा जास्त धूळ घरात येऊ शकते.
* ईपीएच्या मार्गदर्शिकेत एका यंत्रणेचा खर्च ४५० ते १,००० डॉलर धरलाय. त्यामुळे ९९ डॉलर ऐकलं की आधी प्रश्न विचारा.
* ईपीए कुठल्याही कंपनीला प्रमाणपत्र देत नाही. ‘आम्ही ईपीए सर्टिफाइड’ म्हणणाऱ्याला तिथेच नमस्कार करा.
* डक्टच्या आतलं फायबरग्लासचं अस्तर भिजून बुरशी आली असेल तर ते नीट साफ होत नाही, बदलावं लागतं. आणि ओल कुठून आली ते शोधलं नाही, तर बुरशीही परत येते.

पुण्या-मुंबईत घरी डक्ट नसतात, स्प्लिट एसी असतो. त्याची जाळी काढून धुवा, हे काम फुकट आहे. पण शिंकांसाठी महागडी ‘डीप क्लीनिंग’ बुक करण्याआधी एकदा गादीकडे बघून घ्या. आणि पावसाळ्यातल्या हवेकडेही, कारण माइटला हवा तो ओलावा तिथे आयताच मिळतो.

राहता राहिली गोधडी. कडक पाण्यात लुगड्यांचे रंग गेले असते. त्यावर तोड निघाली. आधी ड्रायरमध्ये चांगली गरम फिरवायची, म्हणजे माइट मरतात, मग गार पाण्यात हलक्या हातानं धुवायची, म्हणजे त्यांची घाण निघून जाते. एका कोपऱ्याची शिवण उसवली, बाकी गोधडी शाबूत.

धुऊन वाळत घातलेल्या गोधडीचा फोटो मी कौतुकानं आईला पाठवला. इनहेलर, चाचणी, कार्पेट, सगळी कर्मकहाणी फोनवर सांगितली. मला वाटलं, तिच्या डोळ्यांत पाणी येईल.

पलीकडे क्षणभर शांतता. मग आई म्हणाली, ‘‘अगं, म्हणजे लग्नापासून धुतलीच नव्हतीस?’’