नवजाताचा नाभिपाक : वैद्य आणि औषधविक्रेते यांचे कर्तव्य

गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली तालुक्याचा सूरजागड परिसर डोंगराळ व अरण्यमय आहे. पावसाळ्यात नाले भरले की येथील टोल्यांवरून रुग्णालय गाठणे कठीण होते. अशा वेळी नवजाताच्या नाभीतून पू येऊ लागल्यास पालकांना प्रथम आठवतो तो जवळचा वैद्य, नाहीतर औषधांचे दुकान. म्हणूनच या लहानशा वाटणाऱ्या व्याधीचा विचार आम्हांस अगत्याचा वाटतो.

चरकसंहितेच्या जातिसूत्रीय शारीराध्यायात नाभीपासून आठ अंगुळांवर तीक्ष्ण शस्त्राने नालच्छेदन करून सूत्राने बंधन करावे, असा विधी आहे. नाभीचा पाक झाल्यास लोध्र, यष्टिमधु, प्रियंगु, देवदारु व हरिद्रा यांनी सिद्ध केलेले तेल आणि त्यांचेच चूर्ण सांगितले आहे. येथील क्रम ध्यानात घ्यावा : आधी शुद्ध छेदन व बंधन, आणि पाक झाला तरच औषध. वाग्भटांनी नाभीवर कुष्ठसिद्ध तेलाचे सेचन सांगितले आहे हे खरे; परंतु तो वैद्याच्या देखरेखीखालील विधी होय. उघड्या बाटलीतील तेल, चुलीतील राख अथवा शेण यांचे समर्थन त्यातून होत नाही.

सुश्रुतांनी नाभीची गणना सद्यःप्राणहर मर्मांत केली आहे. नाळेत दोन धमन्या व एक सिरा असते. ही सिरा थेट यकृताकडे जाते आणि जन्मानंतर काही दिवस तिचा मार्ग पूर्ण बंद झालेला नसतो. त्यामुळे नाभीवरील जंतुसंसर्ग अल्पावधीत यकृत, उदरावरण व रक्त यांत पसरू शकतो. अस्वच्छ शस्त्राने वा शेणाने धनुर्वाताचाही धोका असतो. मातांचे लसीकरण व स्वच्छ प्रसूती यांमुळे 2015 साली भारतात नवजात धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे प्रमाणित झाले. ते टिकविणे आपल्याही हाती आहे.

याच जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 39 गावांत घरपोच नवजात सेवेचा प्रयोग केला. प्रशिक्षित गावकरी स्त्रिया बाळांना घरी जाऊन तपासत आणि जंतुसंसर्गाची लक्षणे दिसताच प्रतिजैविके देत. प्रयोगाच्या तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे 62 टक्क्यांनी घटले. हे निष्कर्ष 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. लक्षण वेळेवर ओळखणे हेच येथे अर्धे औषध ठरले. 2011 पासून देशभर आशा कार्यकर्त्या अशा गृहभेटी देतात.

व्यवहारात पुढील गोष्टी पाळाव्यात :

1. नाळ स्वच्छ व कोरडी ठेवावी. लंगोट नाभीच्या खाली बांधावा. जेथे शेणासारखे पदार्थ लावण्याची रूढी आहे, तेथे पहिल्या आठवड्यात 4 टक्के क्लोरहेक्झिडीन लावण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने केली आहे.

2. नाळ बहुधा 5 ते 15 दिवसांत गळते. गळताना किंचित ओल असणे हा पाक नव्हे. तीन आठवड्यांनंतरही ती न गळल्यास तपासणी करावी.

3. पू, दुर्गंधी अथवा लाली दिसल्यास बाळाला त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. लाली भोवतालच्या त्वचेवर पसरत असेल, बाळ दूध ओढत नसेल, सुस्त, तापलेले वा थंडगार असेल, तर लेपात वेळ न दवडता तत्काळ रुग्णालयात पाठवावे. वाटेत बाळाला उबदार ठेवावे. पिऊ शकत असेल तर स्तनपान चालू ठेवावे.

4. नाळ गळल्यावर लाल मांसांकुर राहून स्राव होत असेल, किंवा नाभीतून मूत्र वा मल येत असेल, तर तज्ज्ञाकडे पाठवावे. नाभितुंडी बहुधा चार-पाच वर्षांत आपोआप बसते; तीवर नाणे बांधू नये. मात्र ती कठीण, वेदनायुक्त झाली आणि बाळ उलट्या करू लागले, तर ती तातडीची अवस्था समजावी.

औषधविक्रेत्यांना आमची एकच विनंती आहे. नाभीसाठी चूर्ण वा मलम मागणाऱ्यास प्रथम बाळाचे वय विचारावे. ते एक महिन्याच्या आतील असेल, तर पुडी न देता दवाखान्याची वाट दाखवावी. त्या दिवशी विक्री थोडी घटेल, पण एक घर उजळलेले राहील.