खिम्याचे गोळे मंद आचेवर, पास्ता मात्र वेगळा

अमेरिकेत सकाळी कामावर निघण्यापूर्वी लावून ठेवायच्या आणि संध्याकाळी परतल्यावर ताटात वाढायच्या जेवणांमध्ये टोमॅटोच्या रसात शिजलेले खिम्याचे गोळे, म्हणजेच मीटबॉल, आणि त्यांच्याखाली पसरलेली स्पॅगेटी या जोडीला मानाचे स्थान आहे. हे जेवण सोपे समजले जाते आणि ते सोपे आहेही. परंतु सगळे जिन्नस एका भांड्यात लोटून झाकण लावल्याने ते सोपे होत नाही, तर खिमा, टोमॅटो आणि पास्ता या तिघांना लागणारी आच आणि वेळ निरनिराळी असते हे ओळखून कामाची वाटणी केल्याने होते. ही वाटणी न केल्यामुळेच अनेक घरांत रस पाणचट, गोळे भुसभुशीत आणि पास्त्याचा लगदा असा प्रकार होतो, आणि दोष मात्र बिचाऱ्या भांड्याला मिळतो.

ते भांडे म्हणजे स्लो कुकर. झिलई दिलेल्या जाड मातीचे पातेले, त्याला वेढणारे आणि आतून विजेच्या तारेने तापणारे धातूचे कवच आणि वर काचेचे झाकण एवढीच त्याची रचना असते. त्यावर बहुधा ‘लो’ आणि ‘हाय’ अशा दोन खुणा असतात. मात्र ‘लो’वर अन्न कोमट राहते आणि ‘हाय’वर उकळते असा जो समज आहे तो बरोबर नाही, कारण बहुतेक कुकरांत दोन्ही खुणांवर अन्न शेवटी उकळीच्या थोडे अलीकडे येऊन स्थिरावते आणि फरक पडतो तो तिथवर पोहोचायला लागणाऱ्या वेळात. भारतीय स्वयंपाकघरातला प्रेशर कुकर वाफ कोंडून उष्णता सुमारे १२० अंश सेल्सिअसपर्यंत नेतो आणि तासांचे काम मिनिटांत उरकतो. स्लो कुकर नेमका उलट्या वाटेने जातो आणि वेळ खर्चून माणसाची हजेरी वाचवतो.

या भांड्याचा जन्म शिकागोचा असला तरी त्यामागची कल्पना पूर्व युरोपातील ज्यू घरांतून आलेली आहे. ज्यू धर्मात शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत पाळल्या जाणाऱ्या शब्बाथ या विश्रांतीच्या दिवशी चूल पेटवता येत नाही. म्हणून मांस, घेवड्याचे दाणे, बटाटे आणि बार्ली यांचे ‘चोलंट’ नावाचे कालवण शुक्रवारीच भांड्यात भरून गावच्या पाववाल्याच्या भट्टीत ठेवले जाई आणि भट्टी निवत जाताना उरलेल्या धगीवर ते रात्रभर शिजत राही. लिथुआनियातील विल्ना शहराकडची ही रीत इर्व्हिंग नॅक्सन या संशोधकाने आपल्या आईकडून ऐकली होती. मातीच्या पातेल्याला सर्व बाजूंनी सौम्य उष्णता देणाऱ्या विजेच्या उपकरणासाठी त्याने १९३६ साली पेटंटचा अर्ज केला आणि १९४० साली ते त्याला मिळाले. कोकणातील मराठीभाषक बेने इस्राएल समाजाने शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवून जी विश्रांती पिढ्यानपिढ्या पाळली, ती याच शब्बाथची, हे येथे मुद्दाम नोंदवण्यासारखे आहे. नॅक्सनचे उपकरण प्रामुख्याने घेवडा शिजवण्यासाठी विकले जात असे. १९७० साली कॅन्सस सिटीच्या रायव्हल कंपनीने त्याचा व्यवसाय विकत घेतला, पुढच्याच वर्षी तेच उपकरण सुधारून ‘क्रॉक-पॉट’ या नावाने बाजारात आणले आणि घराबाहेर नोकरीला जाणाऱ्या स्त्रियांची संख्या झपाट्याने वाढत असलेल्या त्या दशकात ते घरोघरी पोहोचले.

भांड्यातला पदार्थही असाच दूरच्या प्रवासाहून आलेला आहे. १८८० ते १९२० या काळात सुमारे चाळीस लाख इटालियन माणसे अमेरिकेत उतरली आणि त्यांपैकी बहुसंख्य काम्पानिया, कालाब्रिया, सिसिली अशा दक्षिणेकडील गरीब भागांतली होती, जिथे मांस हे सणावारी ताटात येणारे अन्न होते. इटलीत खिम्याचे गोळे पूर्वीपासून होतेच. पेल्लेग्रिनो आर्तुझी यांच्या १८९१ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या आणि पुढे वाढत गेलेल्या पाकग्रंथात ते उरलेल्या उकडलेल्या मांसाचे केलेले आढळतात. परंतु इटालियन जेवणात पास्ता आधी येतो आणि मांस त्यानंतर स्वतंत्रपणे वाढले जाते. याला अपवाद आहे तो आब्रुझ्झो प्रांतातल्या तेरामो भागाचा, जिथे तारा ताणलेल्या लाकडी चौकटीवर पिठाची पोळी दाबून चौकोनी कडांची शेव कापतात आणि तिच्या रसात हरभऱ्याच्या दाण्याएवढे गोळे सोडतात. अमेरिकेत मांस स्वस्त मिळू लागल्यावर गोळे मोठे झाले, डबाबंद टोमॅटोमुळे रस बारमाही झाला आणि दोन वाढण्यांचे एकच ताट झाले. या पदार्थाला ‘अस्सल इटालियन नव्हे’ म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. पण जी माणसे पहिल्यांदाच पोटभर मांस खाऊ शकली त्यांनी आपल्या हाताने घडवलेले हे अन्न आहे, आणि त्याहून वेगळ्या अस्सलपणाची त्याला गरज नाही.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळताना आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. मंद आणि दीर्घ शिजवण्याचा मोठा फायदा मिळतो तो पाय, खांदा अशा चिवट मांसाला, कारण त्यातील कोलॅजन नावाचे, स्नायूंना बांधून ठेवणारे प्रथिन दीर्घकाळच्या ओल्या उष्णतेत विरघळून जिलेटिन बनते आणि मांस मऊ पडते. खिम्यात हे तंतू यंत्राने आधीच तोडलेले असतात, म्हणजे मऊपणासाठी त्याला सहा तास शिजण्याची मुळीच आवश्यकता नसते. उलट साठ-सत्तर अंशांच्या पुढे स्नायूंची प्रथिने आकसतात, पाणी बाहेर ढकलतात आणि गोळा कोरडा होऊ लागतो. मग इतका वेळ घालवायचा कशासाठी, तर गोळ्यांतली चरबी आणि मांसाचा अर्क रसात उतरावा, रसाचा आंबटगोडपणा गोळ्यांत मुरावा आणि तोवर करणारी व्यक्ती मोकळी राहावी यासाठी. म्हणूनच गोळे मुळातच पाणी धरून ठेवतील असे बांधणे हा या कृतीचा गाभा ठरतो.

ते साधते दुधात भिजवलेल्या पावाने. अर्धा किलो खिम्याला कडा काढलेल्या पावाचे दोन काप आणि पाऊण वाटी दूध पुरते. पाव दहा मिनिटे भिजू देऊन बोटांनी कुस्करावा, इतका की त्याची गुठळी न राहता दाट लापशी व्हावी. पावातील स्टार्च हे दूध धरून ठेवतो आणि मांसाच्या प्रथिनांच्या मध्ये जाऊन बसतो, त्यामुळे ती एकमेकांना घट्ट चिकटत नाहीत व गोळा आतून हलका राहतो. कोरडा पावचुरा घातल्यास तो हे पाणी मांसातूनच शोषतो, म्हणून भिजवलेला पाव केव्हाही श्रेयस्कर. या लापशीत एक अंडे, किसलेले पार्मेजान चीज, बारीक चिरलेला लसूण व पार्सली, मिरपूड, किंचित जायफळ आणि एक लहान चमचा मीठ आधीच मिसळून घ्यावे आणि खिमा सर्वांत शेवटी घालावा. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण मिठाने मायोसिन हे मांसातले प्रथिन सुटून चिकट होते आणि मीठ घातलेला खिमा कणकेसारखा मळत राहिल्यास गोळे रबरासारखे दडस होतात. मिश्रण एकजीव झाले की हात थांबवावा, तळव्याला पाणी लावून लहान लिंबाएवढे गोळे वळावेत आणि अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावेत, म्हणजे चरबी गोठून ते आकार धरतात. खिमा अगदी निवडक, चरबीविरहित घेऊ नये. पंधरा ते वीस टक्के चरबी असलेला खिमा या कामाला उत्तम.

गोळे कच्चेच रसात सोडता येतात आणि सोपेपणासाठी बऱ्याच ठिकाणी तसे सांगितलेलेही असते, पण त्याने चवीचा मोठा भाग हातचा जातो. मांस खरपूस होताना येणारा रंग आणि वास ही प्रथिने व शर्करा यांच्यातील रासायनिक क्रियेची देणगी असून, फ्रेंच शास्त्रज्ञ लुई-कामिय मायार यांनी १९१२ साली तिचे वर्णन केल्यामुळे ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. ही क्रिया सुमारे १४० अंशांच्या आसपास वेग घेते, तर पाण्याने भरलेल्या भांड्यात उष्णता १०० अंशांपुढे जात नाही; तेव्हा कितीही तास ठेवले तरी स्लो कुकरमध्ये मांसाला खमंगपणा येणार नाही. यास्तव गोळे २२० अंशांच्या ओव्हनमध्ये बारा-पंधरा मिनिटे भाजावेत किंवा तव्यावर थोड्या तेलात सर्व बाजूंनी परतावेत आणि लगेच रसात सोडावेत. अर्धवट भाजलेले मांस बाहेर ठेवून देणे धोक्याचे असते.

रसाच्या बाबतीतही असेच दहा मिनिटांचे पूर्वकाम सगळा फरक घडवते. कांदा कच्चाच टोमॅटोत टाकल्यास आम्लामुळे त्याच्या पेशींच्या भिंती सहजी विरघळत नाहीत आणि सहा तासांनंतरही तो दाताखाली कचकचतो. म्हणून तो ऑलिव्ह तेलात आधी पारदर्शक होईपर्यंत परतावा, मग लसूण आणि दोन मोठे चमचे टोमॅटोची दाट पेस्ट घालून पेस्टचा रंग विटकरी होईपर्यंत परतत राहावे. त्यानंतर चारशे ग्रॅमचे सोललेल्या टोमॅटोचे दोन डबे, मीठ, ऑरेगॅनो आणि तमालपत्र घालून एक उकळी आणावी. वरून पाणी घालू नये. झाकणाला लागलेली वाफ थेंबाथेंबाने पुन्हा आतच पडते, त्यामुळे गॅसवरच्या कढईत रस जसा आटतो तसा तो येथे आटत नाही.

गरम रस पातेल्यात ओतून त्यात गोळे शक्यतो एकाच थरात ठेवावेत. भांडे निम्म्यापासून दोन तृतीयांशापर्यंत भरलेले असावे. ‘लो’वर पाच ते सहा तास किंवा ‘हाय’वर अडीच ते तीन तास पुरेसे होतात, आणि दर वेळी झाकण उघडल्यास साठलेली उष्णता निघून गेल्याने वीस ते तीस मिनिटे वाढतात. रस गरम घालण्याचे कारण केवळ वेळेची बचत हे नाही. साधारण ४ ते ६० अंशांच्या दरम्यान जंतू झपाट्याने वाढतात आणि स्लो कुकर हा पट्टा सावकाश ओलांडतो. म्हणून फ्रीझरमधला गोठलेला खिमा किंवा गोळे त्यात थेट कधीही घालू नयेत. गोळ्याच्या मध्यभागी मटण, गोमांस किंवा डुकराच्या मांसासाठी ७१ अंश आणि कोंबडीच्या मांसासाठी ७४ अंश उष्णता पोहोचली पाहिजे. जिथे वीज वारंवार जाते तिथे ही काळजी दुप्पट घ्यावी लागते: घरी कोणी नसताना वीज जाऊन कुकर किती वेळ बंद होता हे कळत नसेल, तर ते अन्न टाकून देणेच योग्य, मग ते वरकरणी शिजलेले का दिसेना.

पास्ता या भांड्यात तासन्‌तास ठेवण्याची जी सोय म्हणून सुचवली जाते, ती मात्र स्वीकारण्याजोगी नाही. चांगला पास्ता ड्युरम या कठीण दाण्याच्या गव्हाच्या रव्यापासून बनतो. महाराष्ट्रात ज्याचा बन्सी रवा मिळतो तो याच जातीचा, आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने या गव्हाचे सुधारित वाणही विकसित केले आहेत. त्यातील ग्लुटेन प्रथिनाची जाळी स्टार्चच्या कणांना बांधून ठेवते. खळखळत्या पाण्यात ही जाळी लवकर आवळते आणि स्टार्च फुगला तरी आतच राहतो; उकळी न येणाऱ्या रसात भिजत पडलेल्या पास्त्यात मात्र जाळी आवळण्याआधीच स्टार्च बाहेर सुटतो आणि सारेच चिकट होते. म्हणून जेवायला बसण्याच्या पंधरा मिनिटे आधी चारशे ग्रॅम स्पॅगेटीसाठी चार लिटर पाणी उकळावे, त्यात चाळीस ग्रॅम मीठ घालावे आणि पाकिटावरील वेळेच्या दोन मिनिटे आधी, म्हणजे बिर्याणीच्या भाताप्रमाणे कणी राखून, ती काढावी. ते पांढुरके पाणी एक वाटी राखून ठेवावे. कुकरमधला रस पातळ वाटत असल्यास तोवर झाकण काढून ‘हाय’वर ठेवावा, मग गोळे अलगद बाजूला घेऊन रस रुंद कढईत ओतावा आणि त्यात स्पॅगेटी व थोडे राखलेले पाणी घालून मोठ्या आचेवर दोन मिनिटे परतावे; पाण्यातला स्टार्च तेल आणि टोमॅटो यांना सांधतो आणि रस शेवेला चिकटून राहतो. रस आणि पास्ता ताटातच प्रथम भेटले तर ही एकजीवता येत नाही.

मराठी घरांत, मग ते पुण्यातले असो की न्यू जर्सीतले, हा खिमा बहुधा मटणाचा किंवा कोंबडीचा असेल. मटणाचा खिमा सहा तास उत्तम टिकतो. कोंबडीच्या खिम्यात चरबी आणि कोलॅजन दोन्ही कमी असल्याने त्यात एक चमचा तेल अधिक घालून ‘लो’वरची वेळ चार तासांवर आणावी. ताजे टोमॅटो वापरायचे झाल्यास ते आधी गॅसवर चांगले आटवून घ्यावेत, कारण सॅलडला चांगला लागणारा रसाळ टोमॅटो या भांड्यात फार पाणी सोडतो.

उरलेले गोळे रसासह पसरट भांड्यात काढून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावेत आणि दुसऱ्या दिवशी गॅसवर खदखदेपर्यंत गरम करावेत. स्लो कुकर थंड अन्न तापवायला फार वेळ घेतो, म्हणून त्या कामाला तो वापरू नये. उरलेल्या पास्त्याची तितकी काळजी करण्याचे कारण नाही, कारण दुसऱ्या दिवशी अमेरिकेतील इटालियन घरांतही हे गोळे बहुधा लांबट पावात, वर चीज घालून भाजून खाल्ले जातात, आणि त्यासाठी मुंबईच्या बेकरीतला कडक ब्रून पावही तितकाच चांगला.