ल्यूपसमधील मूत्रपिंडदाह व मूत्रातील प्रथिने

ल्यूपस या विकारात शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच पेशींवर उलटते. दहा रुग्णांपैकी सुमारे नऊ स्त्रिया असतात, आणि त्याही बहुधा ऐन तारुण्यातील. त्यांतील अनेकींच्या मूत्रपिंडांस पुढे दाह होतो. या दाहात प्रारंभी वेदना नसते. पायांवर सूज दिसेपर्यंत पुष्कळ हानी होऊन गेलेली असू शकते. म्हणून मूत्रपरीक्षेस येथे विशेष महत्त्व आहे.

मूत्रपिंडातील केशवाहिन्यांचे सूक्ष्म गुच्छ रक्त गाळण्याचे कार्य करतात. निरोगी माणसाच्या दिवसभराच्या मूत्रात प्रथिने साधारणतः 150 मिलिग्रॅमहून कमी असतात. दाहाने ही गाळणी सैल झाली की प्रथिने पाझरू लागतात. प्रथिनयुक्त मूत्राचा मूत्रपिंडविकाराशी असलेला संबंध लंडनचे रिचर्ड ब्राइट यांनी 1827 साली दाखवून दिला. आज प्रथिनांचे क्रिॲटिनीनशी असलेले प्रमाण मोजतात, कारण त्यामुळे मूत्र पातळ किंवा दाट असल्याने होणारी चूक टळते. एक ग्रॅम क्रिॲटिनीनमागे अर्धा ग्रॅम वा अधिक प्रथिने आढळल्यास मूत्रपिंडाचा सूक्ष्म तुकडा काढून तपासण्याचा, म्हणजे बायोप्सीचा, विचार केला जातो.

तथापि या मोजमापास एक मर्यादा आहे. गाळणी पाझरते एवढेच त्यावरून कळते. दाह अद्याप चालू आहे की जुन्या दाहाचा व्रण तेवढा उरला आहे, हे कळत नाही. उपचार मात्र याच भेदावर अवलंबून असतात. दाह चालू असताना औषध कमी केले तर मूत्रपिंड गमावण्याची भीती. केवळ व्रण असताना तीव्र औषध चालू ठेवले तर जंतुसंसर्गाचा, व काही औषधांमुळे वंध्यत्वाचाही, धोका. बायोप्सीने हा निर्णय पुष्कळसा होतो; परंतु तीत रक्तस्रावाचा संभव असल्याने ती वारंवार करता येत नाही.

या अडचणीतून दर्शक प्रथिनांचा शोध सुरू झाला. एमसीपी-1 हे प्रथिन श्वेतपेशींना दाहस्थानी बोलावते. सीडी-163 हे तेथे जमलेल्या भक्षकपेशींपासून सुटते, तर एनजीएएल हे पीडित नलिकापेशींतून स्रवते. ही द्रव्ये बव्हंशी दाहस्थानीच निर्माण होत असल्याने चालू दाहाची वार्ता ती अधिक नेमकेपणाने देतील, अशी अपेक्षा आहे. अमेरिकेत रोविन व सहकाऱ्यांना 2005 साली असे आढळले की, विकार उसळण्यापूर्वी काही महिने एमसीपी-1 मूत्रात वाढू लागते. लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेतही या प्रकारच्या द्रव्यांचा भारतीय रुग्णांत अभ्यास झाला आहे.

ही द्रव्ये अद्याप नित्याच्या वापरात आलेली नाहीत. मूत्रमार्गातील जंतुसंसर्गाने एनजीएएल वाढते. एमसीपी-1 इतर मूत्रपिंडविकारांतही वाढते. शिवाय सर्व प्रयोगशाळांस मान्य अशी मर्यादामूल्ये ठरलेली नाहीत. बायोप्सीची जागा ती घेऊ शकत नाहीत. ती केव्हा करावी एवढे मात्र ती पुढे सुचवू शकतील.

नाशिक येथे 1998 साली महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची स्थापना झाली. याच जिल्ह्यातील सुरगाणा वा पेठ येथील रुग्णेस तज्ज्ञाकडे वरचेवर येणे कठीण. तिच्या मूत्राचा नमुना मात्र सहज पाठविता येतो. विश्वसनीय दर्शक सापडल्यास त्याचा खरा लाभ अशाच रुग्णांस होईल. तोपर्यंत प्रथिन-क्रिॲटिनीन प्रमाण, मूत्रातील रक्तपेशी, रक्तदाब व रक्तातील क्रिॲटिनीन यांची नियमित तपासणी व्यवस्थित नोंदून ठेवणे, हाच खात्रीचा मार्ग होय.