लंडन-पॅरिस अंतर फक्त ३४४ किमी, मग विमानाला सव्वा तास का लागतो?

युरोपच्या सहलीत लंडन आणि पॅरिस ही जोडी जवळपास ठरलेलीच. नकाशावर दोन्ही शहरे अगदी शेजारी दिसतात. तिकिटावर मात्र कधी २० मिनिटांचा, तर कधी सव्वादोन तासांचा प्रवास दिसतो. हा नेमका काय प्रकार आहे?

अंतर किती?

दोन्ही शहरांमधले हवाई अंतर सुमारे ३४४ किमी आहे. रेल्वेमार्ग मात्र वळसा घेऊन समुद्राखालच्या बोगद्यातून जातो, त्यामुळे तो सुमारे ४९२ किमी भरतो.

वेळ का वाढतो?

ताशी ८०० किमी वेगाने हे अंतर २६ मिनिटांत कापता येईल. पण इतक्या छोट्या प्रवासात विमानाचा बराचसा वेळ उंची गाठण्यात आणि खाली येण्यात जातो. ते सरळ रेषेतही उडत नाही, ठरवून दिलेल्या हवाई मार्गानेच जाते.

शिवाय, तिकिटावरची वेळ विमान गेटवरून हलल्यापासून दुसऱ्या गेटवर थांबेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंत जाणे, उड्डाणासाठी रांगेत थांबणे, हे सगळे त्यात येते. हीथ्रोसारख्या गजबजलेल्या विमानतळावर उतरण्यापूर्वी विमानांना आकाशात घिरट्याही घालाव्या लागतात. म्हणून कंपन्या सव्वा तास किंवा त्याहून थोडा जास्त वेळ धरतात.

घड्याळाचा घोळ

पॅरिसचे घड्याळ लंडनच्या एक तास पुढे असते. लंडनहून सकाळी १० वाजता निघालेले विमान १ तास २० मिनिटांनी उतरले, तर पॅरिसमध्ये १२.२० वाजलेले असतात. उलट, पॅरिसहून १० ला निघालेले विमान लंडनच्या घड्याळानुसार १०.२० ला पोहोचते. कारण तिकिटावर दोन्ही वेळा त्या-त्या शहराच्या असतात. पॅरिसहून मुंबईचे पुढचे विमान पकडायचे असेल, तर हा एक तास विसरणे महागात पडू शकते.

विमान की ट्रेन?

युरोस्टार ट्रेन १४ नोव्हेंबर १९९४ पासून धावते. ताशी ३०० किमीपर्यंत वेग घेणारी ही गाडी सुमारे २ तास २० मिनिटांत पॅरिसला पोहोचते. वाटेतला चॅनल बोगदा सुमारे ५० किमी लांब असून, त्यातला ३८ किमीचा भाग समुद्राखाली आहे.

विमान वेगवान असले, तरी हॉटेल ते हॉटेल हिशेब केला की चित्र बदलते. हीथ्रो गाठायला साधारण तासभर, तिथे दोन तास आधी हजेरी, सव्वा तासाचे उड्डाण, मग इमिग्रेशन, सामान आणि पॅरिसपर्यंतची लोकल ट्रेन. सगळे मिळून पाच-सहा तास सहज जातात. ट्रेनसाठी तास-दीड तास आधी पोहोचावे लागते, पण दोन्ही स्थानके शहरातच आहेत. त्यामुळे साडेचार तासांत काम होऊ शकते.

हे लक्षात ठेवा

- फ्रान्ससाठी शेंगेन व्हिसा लागतो. ब्रिटनचा व्हिसा तिथे चालत नाही. भारतीय प्रवाशांना दोन्ही वेगवेगळे काढावे लागतात.
- युरोस्टारने जाताना ब्रिटन आणि फ्रान्स या दोन्ही देशांची पासपोर्ट तपासणी गाडीत बसण्यापूर्वीच होते. त्यासाठी वेळ हाताशी ठेवा.
- तिकिटांचे दर बघताना विमानतळापर्यंतचे भाडे आणि सामानाचे शुल्कही जोडा. स्वस्त वाटणारे विमान कधी कधी महागही ठरते.